दमणाऱ्या माणसाचा रस्ता

नमस्कार मंडळी. सकाळचा चहा घेत रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्यांना रामराम, आणि जे आत्ता दारात सायकलच्या चाकात हवा भरता भरता ऐकतायत त्यांना जरा जास्तच जोरात रामराम. आज मला एका रस्त्याबद्दल बोलायचंय. पुणे, कात्रज, भोर, मांढरदेव, वाई. गाडीतून नाही, सायकलवरून. गेली बरीच वर्षं मी हा रस्ता करतोय, कधी ग्रुपबरोबर, कधी एकटा, आणि दर खेपेला एक गोष्ट जास्त पटत जाते, ती म्हणजे ही सगळी जुनी गावं दमणाऱ्या माणसाच्या हिशोबाने वसलीयत. चालणारा, घोड्यावरचा, बैलगाडीवाला, सगळे जिथे थकायचे तिथेच पार, तिथेच विहीर, तिथेच देऊळ. गाडीत बसलेल्याला हा हिशोब लागत नाही कारण तो दमतच नाही. सायकलवाल्याला मात्र बरोब्बर लागतो, बाटली रिकामी झाली की समोर गाव येतं म्हणजे येतंच.

आता सुरुवातीपासून सांगतो. पहाटे साडेपाचला निघायचं आणि कात्रजच्या नव्या बोगद्याकडे अजिबात जायचं नाही, जुना घाट धरायचा. तिथे खाली कात्रजचा तलाव आहे बघा. नानासाहेब पेशव्यांनी साधारण 1750 च्या सुमाराला इथून दगडी नळ बांधून पाणी थेट शहरातल्या हौदांपर्यंत, शनिवारवाड्यापर्यंत नेलं. पंप नाही, मोटर नाही, नुसत्या उतारावर. मधे मधे हवा जायला उच्छ्वास ठेवलेले. आता तुम्ही जुन्या घाटात पहिल्या वळणावर धापा टाकत असता तेव्हा हा उतार तुमच्या मांड्यांना कळलेला असतो, की अरे हो, कात्रज केवढं वर आहे आणि पेठा केवढ्या खाली! मी हे शाळेत वाचलं होतं पण कळलं सायकलवर.

घाट उतरून हायवेला लागलं की सर्व्हिस रोड सोडायचा नाही, तिथे ट्रकवाल्यांशी स्पर्धा नको. हा पट्टा मला आवडत नाही, स्पष्ट सांगतो, धूळ आणि हॉर्न, डोकं खाली घालून काढायचा. पण चेलाडीला आत वळा आणि नसरापूरच्या बनेश्वरला जा, दोन किलोमीटर तर आहे. नानासाहेबांनीच 1749 मधे बांधलेलं महादेवाचं देऊळ, भोवती झाडी, कुंडात मासे, आणि गंमत म्हणजे तिथे एक घंटा टांगलीय जिच्यावर क्रॉस आहे आणि 1683 साल आहे. ही चर्चची घंटा. 1739 मधे चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तेव्हा तिकडच्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन आले आणि ठिकठिकाणी देवळांना वाहिल्या. ही घंटा लक्षात ठेवा, हिची बहीण पुढे भेटणार आहे.

कापूरहोळला हायवे सुटतो आणि मग खरा रस्ता सुरू होतो. चढ, उतार, परत चढ, दोन्हीकडे भाताची खाचरं, ओढ्यावरचे छोटे पूल. भोरला पोचेपर्यंत पन्नासएक किलोमीटर झालेले असतात. हे पंतसचिवांच्या संस्थानाचं गाव, राजवाडा अजून उभा आहे. मी दरवेळी तिथे थांबतो, मिसळ आणि दोन चहा, कारण यापुढे आंबाडखिंडीचा घाट आहे आणि रिकाम्या पोटी तो चढवत नाही.

घाटाबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण नवीन मंडळी इथेच घाबरतात. चढ पायाने नाही, श्वासाने चढायचा. पुढची लहान चकती, मागची मोठी, पाय हलके आणि भरभर फिरले पाहिजेत, जोर लावून दाबलंत तर गुडघे बोलायला लागतात. वरचं वळण बघायचं नाही, समोरचा दहा फूट रस्ता बघायचा. पाणी तहान लागायच्या आधी, घोटभर घोटभर, एका बाटलीत साधं आणि दुसरीत मीठ-साखर-लिंबू. खिशात केळं आणि चिक्की. आणि थांबावंसं वाटलं तर थांबा की हो! त्यात कमीपणा काय, जुन्या गाडीवानांनीसुद्धा इथे बैल सोडून विसावा दिलाच असेल ना. एक मात्र सांगतो, पौष पौर्णिमेच्या यात्रेच्या दिवसांत या घाटात सायकल घालू नका, काळूबाईला लाखो माणूस येतो, रस्ता त्यांचा असतो.

दोन वर्षांपूर्वी इथेच माझं मागचं टायर बाजूने कापलं गेलं, खडीची धार लागली. ट्यूब बदलता येते हो, पण टायरलाच बोटभर चीर पडली तर नवी ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. रस्त्याच्या कडेला एक आजी करवंदं घेऊन बसल्या होत्या, पानाच्या द्रोणात, मे महिना होता. माझी खटपट बघत होत्या. म्हणाल्या, "आरं बस की जरा, घाम तर पूस, सायकल काय पळून जातीया व्हय?" बसलो. त्यांनी तांब्यातलं पाणी दिलं, करवंदं दिली, आणि मी म्हटलं आजी, टायरला आतून लावायला काहीतरी जाड पाहिजे, तर पिशवीतून बिस्किटाच्या पुड्याचा कागद काढून दिला. तो चौपदरी दुमडून चिरेच्या आतून बसवला, वर ट्यूब, हवा जरा कमी भरली, आणि त्याच कागदावर मी वाईपर्यंत गेलो. करवंदांचे पैसे देत होतो तर घेईनात. "परत येशील तवा दे." गेल्या मे महिन्यात गेलो तेव्हा दिले, त्यांनी ओळखलं नाही, टायर दाखवल्यावर हसल्या.

मांढरदेवहून वाईकडचा उतार हा या सगळ्या घामाचा मोबदला आहे. एका वळणावर अख्खं कृष्णाकाठचं खोरं उघडतं, समोर पाचगणीची पठारं, खाली उसाचे हिरवे पट्टे. पण ब्रेक सतत दाबून ठेवू नका, तापतात. वळणाआधी दाबायचा, वळणात सोडायचा. वाळू दिसली की सायकल सरळ ठेवायची.

वाई. सगळं मिळून नव्वद-पंचाण्णव किलोमीटर झालेले असतात आणि पाय आपले राहिलेले नसतात. सरळ घाटावर जायचं, बूट काढायचे, पाय कृष्णेत. मागे ढोल्या गणपती. 1762 मधे गणपतराव रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ, आणि त्याची मागची भिंत नक्की बघा, माशाच्या आकाराची आहे. पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगून दोन बाजूंनी जावं, देवळाला धक्का लागू नये म्हणून. नदीत पाय सोडून बसलेल्या माणसाला ही युक्ती जशी समजते तशी गाडीच्या काचेतून नाही समजत.

संध्याकाळी अंगात थोडा जीव आला की मेणवली, तीनेक किलोमीटर, सपाट. नाना फडणवीसांचा वाडा. सहा चौकांचा, भिंतींवर जुनी चित्रं, आणि मागे नदीवर अर्धचंद्राकृती घाट. त्या घाटावर महादेवाच्या देवळाजवळ ती टांगलीय, बनेश्वरच्या घंटेची बहीण. हीसुद्धा वसईची. अंगावर मेरी आणि कडेवर बाळ येशू, नीट हात फिरवला तर बोटांना लागतात. सकाळी एक घंटा बघितली, दिवसभर डोंगर चढून संध्याकाळी दुसरी बघितली. वसई कुठे, मेणवली कुठे! तेवढं ओतीव धातूचं वजन माणसांनी आणि जनावरांनी घाटमाथ्यावर आणलं. मी माझं साडेदहा किलोचं यंत्र आणि दोन बाटल्या घेऊन आलो होतो, आणि त्या घंटेसमोर उभं राहिल्यावर मला त्या अनोळखी हमालांबद्दल इतकं भरून आलं की काय सांगू.

दुसऱ्या दिवशी बहुतेक जण पसरणी घाटाने पाचगणीला जातात, छानच आहे, वाई सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या जवळ, बारा-तेरा किलोमीटरचा एकसारखा चढ. जाताना पसरणी गाव लागतं, शाहीर साबळ्यांचं जन्मगाव, तिथे पाच मिनिटं थांबा. पण माझं मन साताऱ्याच्या बाजूला लिंब गावात ओढ घेतं. तिथली बारा मोटांची विहीर. विरूबाई भोसल्यांनी शके 1641 ते 1646, म्हणजे 1719 ते 1724 या काळात बांधली, शिलालेखच आहे तिथे. वरून बघितली तर शिवलिंगासारखी, शंभर फुटांच्या वर खोल, पायऱ्या उतरून आत गेलं की थंडगार, आणि पाण्याच्या वर चक्क एक छोटा महाल. एका वेळी बारा मोटा चालायच्या आणि पाणी आमराईला जायचं.

मोट ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पिशवी, तिला नाडा, आणि नाड्याला बैलजोडी. बैल चालतात ती वाट सपाट नसते, विहिरीपासून लांब जाताना ती उतरती केलेली असते, तिला धाव म्हणतात. म्हणजे भरलेली मोट वर येत असते तेव्हा बैल उतारावर असतात, त्यांचं स्वतःचं वजन कामाला येतं. आणि मोट रिकामी होऊन खाली जाते तेव्हा चढ, पण ओझं नाही. ज्याने कुणी हे ठरवलं त्याला जनावर कुठे दमतं हे ठाऊक होतं.

मागच्या खेपेला मी त्या धावेच्या जागी सायकल आडवी ठेवून बसलो होतो, मांड्या अजून मांढरदेवच्या चढाने दुखत होत्या. गावातले एक काका आले, सायकलकडे बघितलं, गिअर कसे पडतात ते विचारलं. मी मागचं चाक उचलून पेडल फिरवून दाखवलं, ही मोठी चकती चढाला, ही लहान उताराला. त्यांनी दोन-तीनदा स्वतः फिरवून बघितलं. मग विहिरीच्या काठावर जिथे नाडा घासून घासून दगडाला खाच पडलीय तिथे माझा हात धरून नेला, बोट त्या खाचेत ठेवायला लावलं आणि म्हणाले, "हे बघा, हा आमचा गिअर."