हलकी गाडी, पक्की मांड

(पहाट. गॅरेजचं शटर वर सरकतं. आत निळी, ठेंगणी, दोन आसनांची गाडी. कॅमेरा बॉनेटच्या उंचीवर.)

ही गाडी, म्हणजे जपानच्या माझदा कंपनीची पहिल्या पिढीची एमएक्स-5, इतकी बुटकी आहे, की तिचं छत शेजारी उभ्या माणसाच्या जेमतेम छातीपर्यंत येतं. वजन साधारण साडेनऊशे किलो. इंजिन 1.6 लिटरचं, ताकद सुमारे 115 अश्वशक्ती. शून्यापासून ताशी शंभर किलोमीटर गाठायला तिला जवळपास 9 सेकंद लागतात. आजच्या कितीतरी घरगुती गाड्या सिग्नल सुटल्यावर हिला सहज मागे टाकतील.

तरी तिच्यासाठी माणसं वेडी होतात. माझदा एमएक्स-5 पहिल्यांदा लोकांसमोर आली ती फेब्रुवारी 1989 मध्ये, शिकागोच्या मोटार प्रदर्शनात. 2016 मध्ये दहा लाखावी एमएक्स-5 कारखान्यातून बाहेर पडली. दोन आसनांच्या दुसऱ्या कुठल्याच स्पोर्ट्स कारला एवढा खप मिळालेला नाही.

हे कसं झालं, ते समजून घ्यायचं तर स्पीडोमीटर विसरा आणि वजनकाट्याकडे बघा.

(जुन्या उघड्या गाड्यांची छायाचित्रं एकामागून एक.)

1960 च्या दशकात इंग्लंडमध्ये बनणाऱ्या छोट्या उघड्या गाड्यांवर जगभर लोकांचा जीव होता. 1962 मध्ये एमजीबी आली. त्याच वर्षी लोटस एलान आली. एलानला फायबरग्लासचं अंग होतं, पोटात लोखंडी पत्र्याचा एकच कणा, आणि वजन सातशे किलोच्या आसपास. या गाड्या चालवताना स्वर्ग आणि सांभाळताना मनस्ताप. तेल गळायचं, वायरिंग दगा द्यायचं, पाऊस आला की छत असूनही मांडी भिजायची. पुढची वीसेक वर्षं सरता सरता त्या बाजारातून जवळजवळ दिसेनाशा झाल्या. एमजीबीचं उत्पादन 1980 मध्ये थांबलं.

बॉब हॉल या अमेरिकी मोटार पत्रकारानं 1979 मध्ये माझदाच्या केनिची यामामोतो यांच्याकडे विषय काढला : तशी साधी, हलकी, परवडणारी उघडी गाडी पुन्हा बनवा. पुढे तोशिहिको हिराई यांच्या हाताखाली ती आकाराला आली. त्यांच्या चमूनं एक जपानी कल्पना समोर ठेवली, ‘जिनबा इत्ताई’, म्हणजे स्वार आणि घोडा एकजीव. मराठीत घोडेस्वाराच्या बाबतीत ‘मांड’ हा शब्द आहे. मांड पक्की असली, की घोड्याच्या अंगातली हालचाल स्वाराला आधीच कळते. या गाडीत बसून पहिलं वळण घेतलं, की तो शब्द आठवतो.

त्यामागे साधी यंत्रविद्या आहे. इंजिन पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे सरकवून बसवलेलं, ताकद मागच्या चाकांना, चारही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन दांड्यांवर तोललेलं. गिअरबॉक्स आणि मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारं डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या एका लांब चौकटीनं एकमेकांना जोडलेले आहेत, त्यामुळे ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी निघाली यात ढिलाई राहत नाही. गिअरचा दांडा थेट गिअरबॉक्समध्ये उतरतो, मध्ये केबल नाही. मनगट हललं की गिअर पडतो, आणि गिअर पडल्याचं बोटांना कळतं.

(वजनकाट्यावर एकेक चाक. आकडे स्थिर होतात.)

आता वजन. ताशी शंभरच्या वेगात असलेली एक टनाची गाडी थांबवताना ब्रेकना जेवढी ऊर्जा जिरवावी लागते, त्याच्या दीडपट ऊर्जा दीड टनाच्या गाडीला जिरवावी लागते. ती सगळी उष्णता डिस्कवर, पॅडवर आणि टायरवर येते. म्हणून जड गाडीला मोठे ब्रेक लागतात, मोठ्या ब्रेकवर मोठी चाकं, मोठ्या चाकांवर रुंद आणि महाग टायर, आणि हे सगळं ओढायला मोठं इंजिन. हलक्या गाडीत हे चक्र उलटं फिरतं. या निळ्या गाडीचे मूळ टायर 185 मिलिमीटर रुंद आणि चाकं 14 इंची. टायर स्वस्त, पॅड स्वस्त, पेट्रोल बेतानं. चालवण्यातली मजाही त्याच हलकेपणातून येते. मला या गाड्यांबद्दल सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट हीच : ज्या कारणानं ती आनंद देते, त्याच कारणानं ती परवडते.

(एक अनोळखी अंगण. विकायला ठेवलेली लाल गाडी, पॉलिश चकाकतंय.)

पण परवडणं म्हणजे नेमकं काय, याचा घोळ इथे होतो. जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. एके काळी श्रीमंतांनाच झेपणारी गाडी वीस वर्षांनी साध्या गाडीच्या भावात दिसली, तरी तिचं क्लच किट, तिचे शॉक ॲब्सॉर्बर, तिचं रेडिएटर हे त्या श्रीमंती दुनियेतलेच राहतात. पोर्शची 1996 मध्ये आलेली बॉक्स्टर चालवायला अप्रतिम आहे, पण तिच्या जुन्या इंजिनांत मधल्या शाफ्टचं बेअरिंग निकामी झालं तर आख्खं इंजिन जातं. तो भाग बदलल्याची नोंद आहे का, हे विचारल्याशिवाय तिच्या दारालाही हात लावू नये.

माझं मत असं : हातातले सगळे पैसे गाडीत घालू नका. निदान पाचवा हिस्सा राखून ठेवा. पहिल्या वर्षात टायर, बेल्ट, होस, बॅटरी आणि सगळी तेलं हा हिस्सा खाऊन टाकतील. ज्यांनी तो राखला नाही त्यांच्या गाड्या ताडपत्रीखाली उभ्या दिसतात.

आणि बघायला जाताना पॉलिशला भुलू नका. इंजिन दुरुस्त होतं, गिअरबॉक्स बदलता येतो. गंज मात्र गाडीचा सांगाडाच खातो. एमएक्स-5 मध्ये त्याची वाट ठरलेली आहे. कापडी छतावरचं पाणी सीटच्या मागे दोन बाजूंना असलेल्या नळ्यांतून खाली जावं, अशी सोय आहे. त्या नळ्यांत पानं आणि माती अडकली, की पाणी आत तुंबतं आणि दाराखालचा पत्रा आतून सडू लागतो. बाहेरून रंग नवाकोरा. मागच्या चाकाच्या जरा पुढे, खालच्या बाजूला, बोटानं दाबून बघा. छोटं लोहचुंबक खिशात ठेवा. दाराखालच्या पत्र्यावर जिथे ते चिकटत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे.

(हात चुंबक सरकवतोय. एका ठिकाणी ते गळून पडतं.)

ही लाल गाडी न घेताच आपण परत फिरणार आहोत.

इंजिन थंड असतानाच बघायला जा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल, तर सुरू होताना काय लपवायचं होतं ते विचारा. निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, तर कूलंट जळतंय आणि हेड गॅस्केटचा, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या पातळ सीलचा, प्रश्न आहे. अगदी सुरुवातीच्या काळात बनलेल्या 1.6 लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. तिथली खाच झिजली की पुली डुगडुगते. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, त्या पुलीकडे मिनिटभर टक लावून बघणं हा फुकटचा तपास आहे.

टायरवर नक्षी भरपूर आहे, एवढ्यावर समाधान मानू नका. त्याच्या अंगावर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. कमी वापराच्या गाड्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. रबर कडक झालं की ओल्या रस्त्यावर ते साबणासारखं सरकतं.

कमी किलोमीटर चाललेली गाडी चांगलीच, हा समजही तपासून घ्यावा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीची सील सुकतात, ब्रेक कॅलिपर जाम होतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. रोज थोडी चाललेली आणि प्रत्येक कामाची पावती जपलेली गाडी मी डोळे मिटून आधी निवडेन. पावत्यांची फाईल जाड असेल तर किमतीत फार घासाघीस करू नका. त्या माणसानं तुमचे पैसे आधीच खर्च केलेले आहेत.

(निळी गाडी चार स्टँडवर. खालून दिवा.)

घरी आणलेल्या गाडीचं पहिलं काम म्हणजे सगळी तेलं बदलणं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, कूलंट, ब्रेक ऑइल. आधीच्या मालकानं काय घातलं होतं हा प्रश्नच मिटतो, आणि आजपासून तुमचा हिशेब सुरू होतो. व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारा टायमिंग बेल्ट साधारण एक लाख किलोमीटरला बदलायचा. कधी बदलला ते सांगता येत नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरा. या 1.6 लिटर इंजिनाचा एक चांगुलपणा म्हणजे बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. गाडी वाटेत थांबते, इंजिन वाचतं. सगळी इंजिनं एवढी क्षमाशील नसतात.

ब्रेक ऑइलबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पुरेसं पाणी शोषल्यावर हीच हमी 155 अंशांवर येते. घाटाच्या लांब उतारावर ब्रेक तापत जातात, ऑइलला उकळी फुटते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, त्यामुळे पायाखालचा पेडल स्पंजासारखा खाली जातो आणि गाडी थांबत नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदललं की हा प्रसंग टळतो.

राहिलं रबर. सस्पेन्शनमधले बुश, होस, दारांची सील. पंचवीस-तीस वर्षांच्या गाडीत बुश गेलेले असतात, आणि मालकाला ते कळतही नाही, कारण बदल दिवसादिवसानं होत गेलेला असतो. नवे बुश, नवे शॉक ॲब्सॉर्बर आणि चारही चाकांचं नीट अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, झालं, की तीच गाडी दहा वर्षांनी तरुण होते. मोठा आवाज करणारा सायलेन्सर आणि मोठी झगमगीत चाकं बसवायचा मोह तोवर आवरा. मोठ्या चाकांनी सस्पेन्शनखालचं वजन वाढतं, आणि कारखान्यातल्या माणसांनी जपलेला हलकेपणा तुम्ही स्वतःच्या पैशानं घालवून बसता.

एक बारीक गोष्ट. पहिल्या पिढीत मागची खिडकी प्लॅस्टिकची असते. छत खाली घेण्याआधी तिची चेन उघडून ती सपाट ठेवायची. घाईत दुमडलेल्या खिडकीवर पडलेली घडी पुन्हा कधीच जात नाही.

(छत उघडतं. मोकळा, वळणांचा रस्ता. संगीत नाही, फक्त इंजिन आणि वारा.)

दुसऱ्या गिअरमध्ये वळणाकडे. ब्रेक सरळ रेषेत, वळायच्या आधी. पुढची चाकं दाबली जातात, स्टिअरिंग जड होतं, टायर काय म्हणतोय ते तळव्यांत उमटतं. वळताना ब्रेक हळूहळू सोडायचा. मधे पोहोचलं की ॲक्सिलरेटर अलगद द्यायचा, म्हणजे वजन मागे जातं आणि मागची चाकं रस्ता धरतात. इथे घाबरून पाय एकदम उचलला, तर मागची चाकं हलकी होतात आणि गाडी शेपूट फिरवते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी हे अगदी स्पष्ट शिकवते, आणि ती हलकी असल्यामुळे कमी वेगातच शिकवते. चारशे अश्वशक्तीच्या गाडीत हाच धडा येईपर्यंत वेग जिवावरचा झालेला असतो.

म्हणून गाडीची हद्द रस्त्यावर शोधायची नाही. मोकळ्या मैदानावर शंकू मांडून घेतात त्या स्पर्धांत, किंवा बंद ट्रॅकवर शोधायची. तिथे जाण्याआधी विम्याचे कागद वाचा. बऱ्याच पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान देत नाहीत. चाकांचे नट टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, आवळा. डिकीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढा.

(ट्रॅक. निळी गाडी शेवटच्या फेरीत, संथ.)

शेवटची फेरी ब्रेक न वापरता, हळू. वारा लागून डिस्क थंड होतात. थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेल्या डिस्कला पॅड चिकटून बसू शकतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली ठोकळा लावायचा.

चालक उतरतो, हेल्मेट काढतो आणि आधी पुढच्या डाव्या टायरपाशी बसतो. तळवा रबरावरून फिरवतो. बाहेरची कड खरखरीत, गरम, चुरा सुटलेली. आतली कड जवळजवळ कोरी. म्हणजे चाकाचा वरचा भाग आणखी जरासा आत कलायला हवा. तो खिशातून वही काढतो, किलोमीटरचा आकडा लिहितो, आणि खाली एकच ओळ : पुढच्या वेळेआधी अलाइनमेंट.