पहाटे चारचं तळं

(पडदा काळा. एअर पंपाची घरघर, लांब कुठेतरी कूलर.)

पहाटेचे चार वाजलेत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तिसरा दिवस. घरोघरी कूलर सुरू आहेत आणि शहाणी माणसं त्यांच्यासमोर झोपली आहेत. आमचे बाबा मागच्या अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेत, हातात टॉर्च.

ते मासे मोजून राहिले आहेत.

(टॉर्चचा पिवळा गोल पाण्यावरून सरकतो.)

"सोळा... सतरा... थांब, हा झाला मघाशी."

मासे एकवीस. सात कोई, चौदा गोल्डफिश. मोजणी रोजची. दुपारी पंचेचाळीस डिग्रीत बाबा तळ्याकडे फिरकत नाहीत, आणि पहाटे मात्र खुर्ची टाकून बसतात. आम्हाला हे कित्येक वर्षं उलटंच वाटायचं. ऊन तर दुपारी असतं!

पण मासा उन्हानं मरत नाही, श्वास कोंडून मरतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस डिग्रीच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, तीस डिग्रीला साडेसात, पस्तीसला ७ च्याही आत. हे झालं मावण्याचं. प्रत्यक्षात असतो किती, ते वेळेवर ठरतं. दिवसा पाण्यातलं शेवाळ ऊन खाऊन प्राणवायू सोडतं. रात्री तेच शेवाळ, तेच मासे, तळाचा गाळ, फिल्टरमधले जिवाणू, सगळे मिळून तो ओढत राहतात आणि भर घालणारं कोणी नसतं. त्यामुळे सर्वांत कमी प्राणवायू कधी, तर सूर्य उगवायच्या जरा आधी.

म्हणून चार वाजता खुर्ची.

(दृश्य: दिवसाउजेडी तळं, वरून. हिरवी जाळी, एका बाजूला कडुलिंब.)

घर नागपुरात, जयताळ्याकडे. शेजारीपाजारी याला टाकं म्हणतात, आईही टाकंच म्हणते. बाबा म्हणतात तळं. चौदा फूट लांब, नऊ फूट रुंद, साडेचार फूट खोल. गुणाकार केला तर ५६७ घनफूट, म्हणजे १६ हजार लिटर. टाकं म्हणायला जरा मोठंच आहे, हे बाबांचं म्हणणं मला पटतं.

हे दुसरं तळं. पहिलं विटांचं होतं, वरून सिमेंटचा गिलावा. पहिला पावसाळा मजेत गेला. पुढच्या उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी चार बोटं खाली. दोष आमच्या काळ्या मातीचा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जावा. वर बांधलेलं तिच्यासोबत हलतं. विटांच्या भिंतीला कोपऱ्यातून वर जाणारी बारीक रेघ पडली. चार वेळा बुजवली, चार वेळा उघडली.

मग काळी माती काढून मुरूम भरला, दाबला आणि त्यावर लोखंड घालून काँक्रीटचं टाकं... सॉरी, तळं. नव्या सिमेंटमधून चुना सुटतो आणि पाणी इतकं अल्कधर्मी होतं की माशाची कातडी सोलवटेल. म्हणून तीनदा भरलं आणि तीनदा उपसलं. ते पाणी संत्र्याच्या झाडांना घालायला निघाले होते बाबा. आईनं नळीच हातातून घेतली.

(क्लोज-अप: पाण्याखाली दोन तोंडं. एकाला मिशा आहेत, एकाला नाहीत.)

कोई कोणता आणि गोल्डफिश कोणता, हे पाहुण्यांना रंगावरून कळत नाही. तोंड बघा. कोईच्या ओठांशी मिशांच्या दोन जोड्या असतात, गोल्डफिशला एकही नाही. दोघे एकाच कुळातले, पण घराणी वेगळी. गोल्डफिश चीनचा, तिथे हजारेक वर्षांपूर्वी तळ्यांमध्ये पाळता पाळता तो सोनेरी झाला. कोई म्हणजे खरं तर आपला सायप्रिनस, मासळीबाजारात किलोवर मिळतो तोच. जपानच्या निगाता भागात डोंगरातले शेतकरी भातशेतीच्या तळ्यांत हिवाळ्यातल्या जेवणासाठी तो पाळायचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात लाल-पांढरे ठिपके असलेली पिल्लं निघायला लागली. ती कोणी खाल्ली नाहीत, वेगळी ठेवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि मग सगळ्या जपानला त्यांचं वेड लागलं.

त्यामुळे "हे खायचे का हो?" असं कोणी विचारलं की बाबा रागावतात, पण प्रश्न इतिहासाला धरून आहे.

आमचे कोई काही जपानचे नाहीत. आपल्याकडच्या दुकानांत येणारे बरेचसे रंगीत मासे कोलकात्याच्या आजूबाजूला नाहीतर चेन्नईच्या कोळत्तूरमध्ये वाढलेले असतात. जपानी लोक पांढऱ्यावर लाल असेल तर कोहाकू म्हणतात, त्यात काळा मिसळला की सांके. आमच्याकडे पांढऱ्यावर लाल आहे तिचं नाव तर्री. पोह्यावर तर्री ओतावी तसा रंग आहे, दुसरं नाव सुचलंच नसतं. केशरी आहे ती संत्री. आणि एक सगळा काळा, अंगावर कुठे रंगाचा थेंब नाही, तो सावजी.

सावजी रात्री दिसत नाही. मोजणी त्याच्यापाशी अडते.

(दृश्य: तीन निळे ड्रम, शेजारी पंप. आई कपडे वाळत घालताना मागून जाते.)

हे ड्रम म्हणजे तळ्याचा फिल्टर. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. तळ्यातली खरी राबती मंडळी ड्रममध्ये आहेत.

नवं तळं भरलं त्याच आठवड्यात बाबांनी तीस मासे आणले. दुकानदार म्हणाला होता, एवढं मोठं टाकं आहे तर काय होतं. आठव्या दिवशी पहिला मासा उलटा तरंगला. पंधरवड्यात अकरा गेले. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं, म्हणून कोणाला संशय आला नाही. मासा कल्ल्यांमधून सतत अमोनिया सोडतो आणि अमोनियाला ना रंग, ना गढूळपणा. त्यातून पाणी अल्कधर्मी आणि गरम असेल तर विष वाढतं. पीएच ८ असताना वीस डिग्रीपेक्षा तीस डिग्रीला अमोनियाचा विषारी भाग जवळपास दुप्पट होतो. म्हणजे एकच चूक थंड गावात एकपट आणि नागपुरात दोनपट.

या अमोनियावर जगणारे जिवाणू असतात. एक जात त्याचं नायट्राइट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राइटचं नायट्रेट करते, ते मासा बऱ्यापैकी सोसतो. पण हे जिवाणू सावकाश वाढतात, नीट बस्तान बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर दोन-चारच मासे, चिमूटभर खाणं आणि पाणी बदलत राहणं. तीस मासे नव्हे.

जिवाणूंना चिकटून राहायला जागा लागते. त्यासाठी महागडे प्लास्टिकचे गोळे मिळतात. बाबांनी भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या आणल्या, घाऊक, तीनशे. पहिल्या ड्रममध्ये स्पंज आणि ब्रश, तिथे गाळ अडतो. उरलेल्या दोघांत घासण्या. आईच्या ओट्यावरची घासणीसुद्धा एकदा त्यात गेली, असा आरोप आहे. सिद्ध झालेला नाही.

सगळ्यात मोठी चूक माझी. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो, म्हटलं मदत करू. ड्रममधल्या घासण्या बाहेर काढल्या आणि नळाखाली धरून पांढऱ्याशुभ्र केल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, जंतू मारायलाच घातलेलं. त्यानं आपलं काम चोख केलं. बाबा बाहेरून आले, घासण्यांकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत. पुढचे तीन आठवडे मासे उपाशी, आणि रोज थोडं थोडं पाणी बदलणं. मासे सगळे वाचले. आता घासण्या धुवायच्या झाल्या तर तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन त्यात नुसत्या हलवायच्या, आणि तेही मी नाही.

नवं पाणी घालताना त्यात हायपो टाकतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. जुन्या फोटो स्टुडिओवाल्यांना हे स्फटिक ठाऊक असतील. क्लोरीन लगेच मरतं.

(दृश्य: तळ्याच्या भिंतीवर खडूनं आखलेल्या रेघा, एकाखाली एक.)

या रेघा मे महिन्यातल्या. दिवसाला अर्धा इंच पाणी उडून जातं. ऐकायला अर्धा इंच. एवढ्या पृष्ठभागावर ते दीडशे लिटर होतं, रोज. उडून जातं ते नुसतं पाणी. क्षार, नायट्रेट, सगळं खालीच राहतं. वरून बोअरचं जड पाणी घालून पातळी भरत राहिलात तर तळं भरलेलं दिसतं, पण आतल्या आत आटत चाललेल्या रश्शासारखं घट्ट होत जातं. म्हणून उन्हाळ्यातसुद्धा दर आठवड्याला दहावा हिस्सा पाणी काढून टाकावं लागतं. पाण्याची ओरड असताना सोळाशे लिटर उपसायचं म्हणजे शेजारी बघतातच. ते पाणी झाडांना जातं, आणि संत्र्याची झाडं खूश आहेत, एवढं बाबा भिंतीवरून सांगून टाकतात.

खाणं नवतप्यात एकदाच, ऊन वर आल्यावर, जेमतेम. पचवायलाही प्राणवायू लागतो. पंप ८० वॉटचा, एअर पंप ३५ चा, दोन्ही चोवीस तास. महिन्याला ८३ युनिट. हा आकडा आईला तोंडपाठ आहे.

(अंधार. पाण्यात पाणी पडल्याचा आवाज.)

मागच्या वर्षीच्या नवतप्यात रात्री अडीचला लाइट गेली. इन्व्हर्टरनं दीड तास ओढलं आणि चार वाजता तोही बसला. एअर पंप थांबला तशी तळ्यावर एकदम शांतता झाली. बाबा म्हणतात, त्या शांततेनंच जाग आली.

टॉर्च मारला तर सगळे मासे वर. तोंडं पाण्याबाहेर, ओठांचे गोल उघडतात, मिटतात. सगळ्यात मोठी तर्री सगळ्यात आधी वर आली होती. मोठ्या माशाला श्वासही मोठा लागतो. बुडबुड्यांमधून पाण्यात थेट जातो तो प्राणवायू थोडाच. खरं काम होतं पृष्ठभाग हलल्यानं. मग पृष्ठभाग हलवायचा, एवढंच हातात होतं.

बाबांनी बादली बुडवली, डोक्याइतकी उचलली आणि वरून ओतली. पुन्हा बुडवली.

"अहो, किती वेळ करून राहणार?"

"लाइट येईपर्यंत."

आईनं आतून दुसरी बादली आणली, पदर खोचला आणि समोरच्या कोपऱ्यात उभी राहिली. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. दीड तास. मासे पाणी पडायचं तिथे गोळा व्हायचे, इतके जवळ की बादलीत एकदा संत्रीच आली. त्या दिवसापासून आई ८३ युनिटांबद्दल बोलते, पण आवाज खाली असतो.

(पाऊस. तळ्यावर थेंब.)

पावसाळ्याचं थोडक्यात सांगतो. वरून जास्तीचं पाणी जायला पाइप हवा आणि त्याला जाळी हवी, नाहीतर मासे गल्लीत. महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत येतात. आमच्याकडे त्यांना कूलरमध्ये सापडल्या, तळ्यात नाही, कारण अळी पडली की गोल्डफिश टिपतो. गणपतीत शेजारच्या छोट्यानं विचारलं, "आजोबा, विसर्जन इथेच करू का?" बाबांनी त्याला प्लास्टिकचा टब आणून दिला आणि वर मोदक दिले.

पक्षी मात्र ऐकत नाहीत. ढोकरी काठावर मातीच्या ढेकळासारखी बसते. हलत नाही, दिसत नाही. उडाली की पांढरेशुभ्र पंख दिसतात आणि एक गोल्डफिश कमी झालेला असतो. खंड्या तारेवरून सरळ सूर मारतो. हिरवी जाळी सावलीसाठी बांधली होती. खरा उपयोग असा झाला.

थंडीचा त्रास पुस्तकांत भरपूर दिलाय, तळं गोठलं तर काय करावं वगैरे. इथे काय गोठणार! तरी २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा साडेतीन डिग्रीवर गेला होता. मासे तळाशी जाऊन ओळीत थांबले होते, गाडी सुटायची वाट बघत असल्यासारखे. अशा दिवसांत खायला द्यायचं नाही. पाणी दहाच्या खाली गेलं की त्यांचं पचन जवळपास थांबतं.

वसंतात गोल्डफिश अंडी घालतात, बरीचशी कोईच खाऊन टाकतात, तरी काही पिल्लं वाचतात. जास्त झाली की लोक सहज म्हणतात, फुटाळा तलावात सोडून या. बाबा सोडत नाहीत. हा मासा तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, इथल्या माशांची अंडी खातो. पिल्लं ओळखीच्यांना वाटली जातात, सोबत एक तासाचं भाषण. भाषणाच्या भीतीनं काही जण नको म्हणतात.

(पुन्हा पहाट. आकाश राखाडी.)

सव्वापाच. पूर्वेला फटफटलंय. थर्मामीटर पाण्यात एकतीस दाखवतो. मासे वर आलेले नाहीत, मधल्या पाण्यात सावकाश फिरताहेत. आत आईनं गॅस पेटवला.

"वीस," बाबा म्हणतात. "एक कमी आहे."

टॉर्च विझवून ते तसेच बसून राहतात. कडुलिंबावर कोकीळ ओरडायला लागतो. हळूहळू पाण्याला तळ येतो. आधी पाइप दिसतो, मग पाइपाचा कोपरा, मग त्या कोपऱ्यातला काळोख जरासा हलतो. त्याला कल्ले आहेत, शेपूट आहे.

"एकवीस. ए, चहा झाला का?"