कॅरव्हॅनची पडवी

श्रोतेहो, नमस्कार.

मला अधूनमधून एक फोन येतो. आवाज ओळखीच्या ओळखीतला असतो, थोडी इकडची तिकडची चौकशी होते आणि मग मुद्दा येतो. "आम्ही कॅरव्हॅन घेतोय. वापरलेली आहे, चार जणांची. विकणारे म्हणतायत सोबत ऑनिंगही देतो, पाचशे पौंड जास्त द्या. घेऊ का हो?"

मी उलट विचारते, "एका जागी किती रात्री राहणार तुम्ही?" बहुतेक वेळा पलीकडे थोडा वेळ शांतता असते. हिशेब नेमका तिथूनच सुरू होतो, म्हणून आज त्याच्याबद्दलच बोलते.

महाराष्ट्रातून ऐकणाऱ्यांना आधी थोडं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आणि ऑनिंग म्हणजे त्या घराच्या दाराला लागून उभी करायची कापडी खोली. छोटं असेल तर फक्त दारापुरतं, त्याला पोर्च ऑनिंग म्हणतात. मोठं असेल तर कॅरव्हॅनच्या पूर्ण लांबीचं, म्हणजे जवळजवळ दुसरं घरच.

हे फोन अलीकडे वाढले, त्यालाही कारण आहे. पूर्वी ज्यांनी १९९७ नंतर इथला वाहन परवाना काढला होता, त्यांना जड कॅरव्हॅन ओढायची तर वेगळी परीक्षा द्यावी लागे. आपल्यातले बहुतेक जण इथे आले तेच १९९७ नंतर. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साडेतीन हजार किलोपर्यंतचा ट्रेलर साध्या परवान्यावर ओढता येऊ लागला. पुढच्याच उन्हाळ्यात आमच्या ओळखीतल्या तीन घरांसमोर कॅरव्हॅन उभ्या राहिल्या.

मी राहते त्या रेडिंगजवळ ट्वायफर्ड नावाचं गाव आहे. तिथून १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर, नौदलातून निवृत्त झालेले, घोड्यांच्या कॅरव्हॅनमधून थेट उत्तरेला इन्व्हरनेसपर्यंत गेले. हौसेसाठी म्हणून मुद्दाम बांधून घेतलेल्या कॅरव्हॅनची परंपरा तिथून धरतात. तिचं नाव होतं 'वाँडरर' आणि वजन सुमारे दोन टन. त्या वाटेवरून जाताना मला नेहमी वाटतं, हा माणूस रोज पुढच्या गावी निघणारा होता. अशा प्रवाशाला दाराबाहेर खोली कशाला हवी? ऑनिंग मुक्काम करणाऱ्याची वस्तू आहे, चालत्या प्रवाशाची नाही.

मुक्काम लांबला की मात्र तिची किंमत कळते. माझी आई राजापूरजवळच्या खेड्यातली. पहिल्यांदा ती आमच्याबरोबर यॉर्कशरला आली तेव्हा सलग चार दिवस पाऊस होता. दोन मुलं, आम्ही दोघं आणि आई, एवढ्याशा जागेत. ओले बूट, ओले रेनकोट, चिखलाची पावलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुटुंबानं आम्हाला चहाला बोलावलं ते त्यांच्या ऑनिंगमध्ये. आई खुर्चीत टेकली, समोर पावसाकडे बघितलं आणि म्हणाली, "अगं, ही तर पडवी आहे."

मला आजही याहून चांगली व्याख्या सापडलेली नाही. चपला काढायला, ओली छत्री टेकवायला, आल्यागेल्याला बसवायला, सोवळ्याओवळ्यातून सुटलेली अशी मधली जागा आपल्या प्रत्येक जुन्या घराला होती. कॅरव्हॅनला ती नसते. दार उघडलं की एक पायरी, आणि पाय थेट गालिच्यावर. लहान मुलं, कुत्रा किंवा म्हातारं माणूस बरोबर असेल आणि आठवडाभर एका जागी राहायचं असेल, तर ही मधली जागा चैन राहत नाही. आई एक गंमतही सांगायची. कोकणात पावसाळा संपला की खळ्यात मांडव घालतात आणि पावसाच्या आधी उतरवतात. इथे लोक पावसासाठीच मांडव घालतात.

आता दुसरी बाजू.

मोठं ऑनिंग अंगच्या मापाचं घ्यावं लागतं. कॅरव्हॅनच्या कडेनं एक खाच गेलेली असते. ऑनिंगच्या कापडाला, आपण परकराला गोट लावतो तसा, जाड गोट असतो. तो गोट त्या खाचेतून ओढत न्यायचा. म्हणून माप घ्यायचं ते असं: एका टोकाला जमिनीपासून सुरू करायचं, खाचेतून वर, छताच्या कडेकडेनं पलीकडे, आणि पुन्हा खाली जमिनीपर्यंत. आमच्या कॅरव्हॅनचं ते ९७५ सेंटीमीटर भरतं. शेजारणीचं उत्तम कापडाचं ऑनिंग फुकट मिळालं तरी माप वेगळं असेल तर ते एक तर ओघळतं, नाही तर पोहोचतच नाही. तुम्हाला पाचशे पौंडात देऊ केलेलं ऑनिंग त्याच कॅरव्हॅनचं आहे ना, हे आधी विचारा आणि समोर उभं करून दाखवायला सांगा. पोर्चला हे बंधन नाही. ते सरळ भागातच बसतं.

मग वजन. आमचं जुनं ऑनिंग खांब धरून तीस किलोंच्या वर होतं. कॅरव्हॅनमध्ये किती सामान भरायचं याला कायद्यानं मर्यादा असते. आमच्या गाडीला ती जेमतेम दीडशे किलो आहे. त्यात बॅटरी, गॅसची टाकी, कपडे, भांडी, डाळ-तांदूळ. तीस किलो म्हणजे पाचवा हिस्सा. ऑनिंग मोटारीच्या डिकीत ठेवा असं सांगतात, पण मग मोटारीचं वजनही बघावं लागतं.

आणि वेळ. दोन माणसं, सराव झालेली, वारा नाही, तरी खुंट्या आणि तणावे धरून तासभर जातो. उतरवायला अर्धा तास. शुक्रवारी रात्री पोहोचून रविवारी निघणाऱ्यानं हे का करावं? मला तरी पटत नाही. त्यातून रविवारी सकाळी पाऊस असेल तर ओलं कापड घडी करून आणायचं, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी पसरून वाळवायचंच. आठवडाभर ओलं राहिलं की बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते पुन्हा जात नाहीत. ज्यांच्याकडे अंगण किंवा मोठं गॅरेज नाही, त्यांनी घेण्याआधी हाच विचार करावा.

वाऱ्याबद्दल मात्र मला सावकाश सांगायचं आहे.

२०२० चा ऑगस्ट. परदेशी जाणं अवघड, त्यामुळे सगळा देश कॅरव्हॅन घेऊन किनाऱ्यावर. आम्ही वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर दोन आठवड्यांसाठी होतो. १९ तारखेला दुपारी कॅरव्हॅनच्या तळाचे व्यवस्थापक प्रत्येकाकडे जाऊन सांगत होते, रात्री एलेन वादळ येतंय, ऑनिंग उतरवा. आमच्या ऑनिंगमध्ये मुलांच्या सायकली, टेबल, खुर्च्या, सगळा संसार. मी म्हटलं, जादा पट्टे बांधू, खुंट्या दुप्पट ठोकू. रात्री दोनच्या सुमाराला एकेक खुंटी उपटली जात असल्याचा आवाज आम्ही आत पडून ऐकत होतो. छताचं कापड फाटलं, ॲल्युमिनियमचा एक खांब सुटला आणि मुलं झोपली होती त्या बाजूच्या खिडकीवर आदळला. कॅरव्हॅनच्या खिडक्या ॲक्रिलिकच्या असतात, म्हणून फक्त तडा गेला. तो निर्णय माझा होता आणि तो चुकला होता. आठवड्याच्या आत फ्रान्सिस वादळ आलं. तेव्हा उतरवायला आमच्याकडे काही उरलं नव्हतं.

म्हणून सांगते, इशारा आला की उजेड आहे तोवर उतरवा. सामान मोटारीत कोंबा, कसंही. ब्रिटनमध्ये वारा बहुतेक करून नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा जागा निवडता येत असेल तर दार वाऱ्याच्या आडोशाला येईल अशी कॅरव्हॅन उभी करा. हवा भरायची ऑनिंग्ज आता सर्रास मिळतात. त्यात धातूचे खांब नसतात आणि झडपा उघडल्या की सगळं खाली बसतं. महाग आणि जड आहेत, पण त्या रात्रीनंतर आम्ही घेतलं ते तसंच, आणि छोटं पोर्च.

अजून एक गोष्ट, आणि ही आपल्या घरांना जास्त लागू पडते. कॅरव्हॅनमध्ये फोडणी घातली की हिंगाचा वास गाद्यांत आठवडाभर राहतो, म्हणून आपली माणसं शेगडी ऑनिंगमध्ये मांडतात. गॅस जोडायचा बाहेरचा नळही पुष्कळदा नेमका दाराच्या बाजूलाच दिलेला असतो. कृपा करून असं करू नका. शेगडी कापडापासून लांब, उघड्या आकाशाखाली ठेवा. आणि कोळशाची शेगडी तर कधीही, कुठल्याही कारणानं, आत ओढू नका. विझल्यासारखे दिसणारे निखारेही कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतात. त्याला रंग नाही, वास नाही. ऊब राहील म्हणून रात्री निखारे आत ठेवल्यानं या देशात माणसं झोपेतच गेली आहेत. पाऊस आला तर त्या दिवशी दहीपोहे खा. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारं यंत्र कॅरव्हॅनमध्ये हवंच.

तळावरचे नियमही विचारून घ्या. दोन कॅरव्हॅनमध्ये सहा मीटर अंतर ठेवावं लागतं आणि ऑनिंग धरूनही शेजाऱ्यापर्यंत तीन मीटर मोकळे राहावे लागतात, आग पसरू नये म्हणून. काही ठिकाणी ऑनिंगचे पैसे वेगळे घेतात. गवतावर असाल तर खाली अंथरायची चटई हवा खेळती राहील अशी लागते, नाही तर आठवड्यात गवत पिवळं पडतं आणि पुढच्या पाहुण्याला चिखल मिळतो.

तर फोनवर मी जे सांगते तेच इथे सांगते. पहिलं वर्ष ऑनिंगशिवाय काढा. चार-पाच वेळा जाऊन या, आणि प्रत्येक वेळी रात्री मोजा. तीन रात्रींच्या आत परतत असाल तर दारावर ताणायचं साधं छप्पर पुरतं. आठवडा राहू लागलात, मुलं लहान असतील, तर पोर्च घ्या. दोन-तीन आठवडे एकाच जागी राहणाऱ्यांनी आणि भारतातून आईवडील येणार असलेल्यांनी मोठं घ्यावं, खुशाल घ्यावं, आणि पहिल्यांदा ते आपल्या अंगणात, कोरड्या दिवशी, वारा नसताना उभं करून बघावं.

आम्ही परवा दोन रात्रींसाठी नॉर्थम्बरलंडला निघतोय. पोर्चची पिशवी गॅरेजमध्येच राहील. ऑगस्टमध्ये आई येतेय, तेव्हा ती पिशवी सगळ्यात आधी मोटारीत चढेल.

नमस्कार.