कमरेची सुरी

इंग्लंडमधलं यॉर्क शहर. ऊज आणि फॉस या दोन नद्यांच्या मधल्या भागात कॉपरगेट नावाचा रस्ता आहे. १९७६ ते १९८१ या काळात इथे उत्खनन झालं आणि हजार वर्षांपूर्वीची व्हायकिंगांची वस्ती उजेडात आली. जमीन कायम ओली, आत हवा शिरायला वाव नाही. त्यामुळे लाकूड टिकलं, चामडं टिकलं, आणि लोखंडी सुऱ्याही. त्या तर दोनशेच्या घरात.

असं एखादं पातं नीट बघा. धारेची बाजू मधेच आत गेलेली दिसते. लोहारानं ती तशी घडवलेली नाही. दगडावर घासून घासून, वर्षानुवर्षं धार लावून ती झिजली आहे.

तेव्हाच्या भट्टीत लोखंड वितळत नसे. मळीनं भरलेला गोळा निघे, तो घणाखाली ठोकून साफ करावा लागे. त्यातून बहुतेक मऊ लोखंडच हाती येई. पोलाद मोलाचं. म्हणून लोहार पोलादाची फक्त एक पट्टी घेई, तापवून, ठोकून लोखंडाशी एकजीव करी आणि मग पात्याला पाणी देई. काही सुऱ्यांत ही पट्टी मधोमध, दोन्ही अंगांनी लोखंड. अशी सुरी पाठीपर्यंत झिजली तरी धार धरी. काहींत पट्टी केवळ कडेला. ती संपली की सुरीही संपली. काय हिशेबी कारागिरी!

पाव, चीज, मांस, दोरी, चामड्याचा पट्टा, सगळ्याला हीच सुरी. जेवणात काट्याचा रिवाज नव्हता. जो तो आपल्या सुरीनं कापून हातानं खाई. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टनं मठांसाठी नियम लिहिले. भिक्षूला मिळायच्या वस्तूंत जोडे आणि सुईबरोबर सुरीही आहे. आणि एक ताकीद: झोपताना सुरी अंगाशी ठेवू नये, झोपेत इजा होईल. सुरी कमरेला बाळगायची सवय किती मुरलेली असेल!

तेव्हाच्या लेखनिकाच्या उजव्या हातात पिसाची लेखणी, तर डाव्या हातात छोटी सुरी. चर्मपत्र फुगलं की टोकानं दाबून धरायचं, लेखणी बोथट झाली की तासायची, अक्षर चुकलं की वाळलेली शाई हलक्या हातानं खरवडायची. खरवडलेली जागा खडबडीत राहिली तर नवी शाई पसरते, म्हणून ती आधी घोटून गुळगुळीत करायची आणि मगच त्यावर बरोबर अक्षर लिहायचं.