जीटीओचा जन्मदाखला

(मिशिगनमधल्या आमच्या मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर विषय छापलाय, ‘रिस्टोअर केलेली जुनी अमेरिकन मसल कार विकत घेताना काय पाहावे’. मसल कार म्हणजे साध्या गाडीत दांडगं इंजिन. वेळ चाळीस मिनिटांची आहे, पण मागे वडे तळायला घेतलेत आणि वास इथपर्यंत आलाय. म्हणजे माझ्या हातात पंचवीसच मिनिटं आहेत.

मी आयुष्यभर ब्रेकवर काम केलं. गाडी पळवणाऱ्या इंजिनिअरचं सगळीकडे कौतुक होतं, थांबवणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. ही माझी जुनी तक्रार आहे, तिच्यात शिरत नाही.

तीन वर्षांपूर्वी एक जाहिरात पाहिली. ‘१९६४ ची पॉन्टिॲक जीटीओ, लाल, चार गिअर, फ्रेमपासून पूर्ण रिस्टोअर.’ किंमत आमच्या पहिल्या घराच्या निम्मी. गाडी ओहायोत. निघताना आमच्या हिच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट गुपचूप खिशात टाकला. त्यावरून नंतर घरात काय झालं ते सांगत नाही, ती पहिल्याच रांगेत बसलीय.

गाडी काय दिसत होती! रंगात तोंड बघून भांग पाडावा. मालक भला माणूस, कॉफी वगैरे दिली. मी दारावर गणपती लावला, चिकटला. बॉनेटवर चिकटला. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर लावला आणि गणपती घसरला तो थेट खडीत. म्हटलं, विसर्जन झालं! तिथे पत्रा नव्हताच, बोटभर जाडीची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला. यात नवल नाही म्हणा. हिवाळ्यात आपण रस्त्यावर मीठ ओततो, आणि डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांखाली मिठाचीच खाण आहे. ज्या गावाने गाड्या घडवल्या त्याच गावाने त्या खारवूनही ठेवल्या.

पण लांबीचं मला दुःख नव्हतं. मी कारखान्याच्या मूळ बिलाचा कागद मागितला. मालक म्हणाला, “कागद कशाला? गाडीच बोलते की!”

इथे थोडं मागे जावं लागेल. ताई, चिठ्ठी दिसली, आवरतो.

१९६३ ची गोष्ट. मिलफर्डचं जनरल मोटर्सचं चाचणी मैदान आपल्यातल्या निम्म्या लोकांनी पाहिलंय. तिथे जॉन डिलोरियन, बिल कॉलिन्स, रस गी ही जनरल मोटर्सच्याच पॉन्टिॲक विभागाची इंजिनिअर मंडळी नव्या टेम्पेस्ट गाडीखाली वाकून बघत होती. तिच्यात ३२६ घनइंचाचं इंजिन होतं. पॉन्टिॲकचं मोठं, ३८९ घनइंचाचं इंजिन, म्हणजे जवळजवळ ६.४ लिटर, बाहेरून अगदी त्याच आकाराचं. कॉलिन्स म्हणाले, हे काढून ते सहज बसेल. बसवलं. पण कंपनीचा नियम होता, मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचाच्या वर जायचं नाही. मग यांनी पळवाट काढली. इंजिन मूळ गाडीत द्यायचंच नाही, गिऱ्हाईकाने वेगळं मागायचं. टेम्पेस्टचंच लेमान्स नावाचं मॉडेल घ्यायचं, त्यावर तीनशे डॉलरच्या आत जादा भरायचे की झाली जीटीओ. पाच हजार खपल्या तर खपल्या असं वरिष्ठांनी धरलं होतं. त्या वर्षी खपल्या ३२,४५०. नाव तर सरळ फेरारीच्या जीटीओचं उचललेलं.

आणखी गंमत ऐका. मार्च १९६४ मध्ये ‘कार अँड ड्रायव्हर’ने या दोन जीटीओंची तुलना छापली. त्यासाठी दिलेल्या पॉन्टिॲकमध्ये ३८९ नव्हतंच, ४२१ घनइंचाचं इंजिन होतं. जाहिरातीचं काम बघणाऱ्या जिम वँगर्सनी पुढे ते स्वतःच सांगून टाकलं.

तर माझं म्हणणं असं आहे, आणि ते सांगायलाच मी ही वेळ मागून घेतली. १९६४ आणि १९६५ च्या जीटीओचा चासी नंबर वाचलात तर तो लेमान्सचाच. त्यावर जीटीओ कुठेही लिहिलेलं नाही. आज कोणी साधी लेमान्स घेतो, तिच्यात ३८९ टाकतो, बिल्ले लावतो, आणि आपण त्याला नकली म्हणतो. अहो, पॉन्टिॲकने दुसरं काय केलं होतं? दोन्ही गाड्या शेजारी उभ्या करा, लोखंडात फरक दाखवा. फरक आहे तो कारखान्याच्या बिलात. पैसे मोजायचे ते त्या कागदाचे, आणि आपण मोजतो लाल रंगाचे.

(मागून प्रश्न: मग नकलीच स्वस्तात घ्यावी का?) शेवटी सांगतो.

पाचच मिनिटं? बरं. पॉन्टिॲक असेल तर पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मूळ बिलाची प्रत मागवा, चासी नंबर दिला की मिळते. १९६६ पासून जीटीओ स्वतंत्र मॉडेल झाली, नंबर २४२ ने सुरू होतो, तिथे काम सोपं. इतर कंपन्यांच्या गाड्यांत सीटखाली कधी कारखान्याची बिल्डशीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं त्याची यादी, सापडते. खालचा गंज बघायला डिकीतला गालिचा उचलाच. जीटीओच्या इंजिनचं कॉम्प्रेशन १०.७५, म्हणजे बरंच जास्त, तेव्हा महागातलं, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागणार. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीट झिजू देत नसे, आजच्यात ते नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या सीट बदलल्यात का ते विचारा. आणि ब्रेक! माझा खरा विषय, आणि आता वेळ नाही. चारही चाकांना ड्रम, आणि ब्रेक ऑइलचा मार्ग एकच. एका ठिकाणी गळलं की पाय थेट तळाला. दुहेरी मास्टर सिलिंडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळे मार्ग, जीटीओत १९६७ मध्ये आला. हा बदल केलेला असेल तर ‘मूळ नाही’ म्हणून नाक मुरडू नका, जीव मूळचाच आहे ना आपला.

हं, तो प्रश्न. त्या मालकाने पुढे कागद मागवला. लेमान्सच निघाली, ३२६ वाली. बिचाऱ्यालाही कोणीतरी जीटीओ म्हणूनच विकली होती. मी लेमान्सच्या भावात घेतली. बाहेर तिसऱ्या रांगेत उभी आहे, वडे खाऊन या बघायला. गणपती आता डॅशबोर्डवर आहे. तिथला पत्रा खरा आहे.