सांधेबदल आणि रक्तस्राव: तयारी तारीख ठरल्यापासून

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघा बदलायचे ठरले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, रक्ताच्या किती बाटल्या लागतील? प्रश्न रास्त आहे. कापलेल्या हाडातून पुढचे एक-दोन दिवस आतल्या आत झिरपणारे, वरून न दिसणारे रक्त हिशेबात धरले, तर अशा शस्त्रक्रियेत एक ते दीड लिटरपर्यंत रक्त जाऊ शकते. तरीही आज बहुतेक रुग्णांना बाहेरचे रक्त द्यावे लागत नाही.

याचे बरेचसे श्रेय ट्रानेक्झॅमिक ॲसिड या औषधाकडे जाते. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने १९६०च्या दशकात शोधलेले हे औषध, पाळीत अति रक्तस्राव होणाऱ्या अनेक भगिनींना गोळीच्या रूपात माहीत असेल. जखमेवर धरलेली गुठळी शरीरच काही काळाने विरघळवू लागते. ती प्रक्रिया हे औषध रोखून धरते. ते बहुधा छेद घेण्यापूर्वी शिरेतून देतात, कधी थेट सांध्यात सोडतात. पूर्वी पायात वा फुप्फुसात गुठळी झाली असेल, फिट येत असेल किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते आधीच सांगावे. कमरेतून दिलेली भूल आणि शस्त्रक्रियेच्या वेळी अंग गार पडू न देणे, यांचाही उपयोग होतो.

माझ्या मते मात्र सर्वांत मोलाचे काम त्याआधीचे आहे. आपल्या गोव्यात ‘चतुर्थी होऊन जाऊ दे, मग बघू’ असे म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. खुशाल ढकलावी, पण ते आठवडे वाया घालवू नयेत. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ आणि पुरुषांत १३ ग्रॅमच्या खाली असेल, तर कारण शोधून उपचार लगेच सुरू करावेत. गुडघेदुखीसाठी वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी जठरातून थोडे थोडे रक्त जात असते, हे पुष्कळांच्या गावीही नसते. लोहाची गोळी सकाळच्या चहा-पावासोबत घेऊ नये, कारण चहामुळे लोह नीट शोषले जात नाही. लिंबूपाण्याबरोबर घेतलेली बरी. वेळ कमी असेल तर शिरेतून लोह देता येते.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिन असे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी ते शेजाऱ्याच्या सल्ल्याने बंद करू नये, विशेषतः हृदयात स्टेंट असल्यास. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची, हे शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि हृदयरोगतज्ज्ञ मिळून ठरवतात.

शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन थोडे उतरणारच. साधारणपणे ते ८च्या खाली गेल्याशिवाय, किंवा धाप, चक्कर, छातीत दुखणे अशी लक्षणे दिसल्याशिवाय, रक्त देण्याची घाई डॉक्टर करत नाहीत. तेव्हा दुसऱ्या दिवशीचा अहवाल साडेनऊ आला आणि रुग्णाची प्रकृती ठीक असली, तर नातेवाइकांनी रक्तदाते शोधत बांबोळीच्या रक्तपेढीकडे धावण्याचे कारण नाही.