वाटीभर काकवी म्हणजे नेमकी किती?

मंडळी, तेलाची पिशवी आपण रोज हाताळतो, पण तिच्यावरचं बारीक अक्षर कधी वाचलंय का? एक लिटर, आणि त्याच्याच शेजारी ९१० ग्रॅम. आता मधाची बाटली आठवा. ५०० ग्रॅमची बाटली हातात घेतली की वाटतं, एवढीशीच? दुकानदारानं फसवलं की काय! फसवलेलं नाही. अर्धा किलो मध साधारण ३५० मिलिलिटर जागेत मावतो. तेल पाण्याहून हलकं आणि मध पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड. नेमकं सांगायचं तर एक मिलिलिटर मध म्हणजे १.४२ ग्रॅमच्या आसपास.

इथे एक गल्लत हमखास होते. घट्ट म्हणजे जड, असं आपण धरून चालतो. एरंडेल बघा, किती घट्ट! तरी पाण्यावर तरंगतं. मध कोमट केला की सरसर ओघळतो, पण तेवढ्यानं तो हलका झालेला नसतो. जडपणा येतो तो त्यात विरघळलेल्या साखरेमुळे.

मी हे शिकले ते एक केक वाया घालवून. कृतीत एक कप साखर होती. म्हटलं, साखर नको, एक कप मध घालू. केक मधोमध बसला, वरून काळपट आणि आत गिच्च. नंतर काट्यावर मोजलं तेव्हा डोळे उघडले. कपभर साखर २०० ग्रॅम, त्याच कपात मध ३४० ग्रॅम! त्यातला पाचवा-सहावा हिस्सा पाणी धरला तरी साखर २८० ग्रॅम झाली, शिवाय ६० ग्रॅम पाणी. तेवढीच साखर हवी असेल तर मध २४५ ग्रॅम पुरतो, म्हणजे जेमतेम पाऊण कप. आणि दूध चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमनं कमी करायचं.

कपाचंही एक नाही. अमेरिकेतला कप २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक कप २५०चा. मधात हा फरक १८ ग्रॅमचा पडतो. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलिलिटरचा, म्हणजे मध २१ ग्रॅम. ऑस्ट्रेलियाची कृती असेल तर तोच चमचा २० मिलिलिटरचा. मेपल सिरप मधापेक्षा हलकं, मिलिलिटरला १.३२ ग्रॅम.

आता आपली काकवी. तिचा आकडा मी तुम्हाला देणार नाही, कारण तो एकच नाही. गुऱ्हाळावर कढई पाच मिनिटं आधी उतरवली तर पातळ, थोडी जास्त आटली तर जड. आपल्या घरच्या बाटलीचा आकडा आपणच काढायचा. ही माझी वाटी. काट्यावर ठेवली, शून्य केलं, काठोकाठ पाणी भरलं: १५० ग्रॅम. म्हणजे वाटी १५० मिलिलिटरची. पाणी ओतलं, वाटी कोरडी पुसली, आता काकवी. हं, धार तुटेपर्यंत थांबायचं... २०४. भागिले १५०, म्हणजे १.३६. हा आकडा चिकटपट्टीवर लिहून बाटलीला लावून टाका. नवी बाटली आणली की पुन्हा मोजायचं.

आणि आता ही वाटी उलटी करते. बघा, तळाला, कडांना केवढी राहिली! बोटानं निपटलं तरी सगळी निघत नाही. (आमच्या घरी ती वाटी चाटायला भांडणं व्हायची, ते वेगळं.) म्हणून मी वाटीतून मोजतच नाही. बाटलीच काट्यावर ठेवते, शून्य करते, उचलून सरळ पिठात ओतते आणि परत ठेवते. काट्यावर उणे ९० दिसलं, की पिठात ९० ग्रॅम गेली. धुवायला वाटी नाही, चमचा नाही.

मागून काकूंनी विचारलंय, घावनाबरोबर काकवी वाढतानाही काटा काढायचा का? नाही हो काकू. ताटात हवी तेवढी घ्या. चहात, दशमीत, लिंबाच्या सरबतात हात थोडा सैल पडला तरी चालतं. केक, बिस्किटं, चिक्कीचा पाक यांना मात्र ते चालत नाही, तिथे काटा काढा.